कपाटातील चित्रफिती : जतन कोणी करावे, परवानगी कोणाची घ्यावी?

वैद्यांच्या घरी, महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि औषधनिर्मितीशाळांच्या कार्यालयांत आजही एखादे कपाट असे असते की ज्यात पुस्तकाएवढ्या काळ्या व्हीएचएस कॅसेटी उभ्या रचून ठेवलेल्या असतात. पाठीवरच्या कागदी पट्टीवर ‘क्षारसूत्र कार्यशाळा’, ‘बस्ति-प्रात्यक्षिक’, ‘मकरध्वज, दिवस दुसरा’ असे काहीतरी लिहिलेले असते. शाई फिकटलेली असते आणि वर्ष लिहावयाचे बहुधा राहून गेलेले असते. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांपासून आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी रुजली, पाठोपाठ व्हीसीआर आला आणि लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ गावोगावी उभे राहिले. त्याच स्टुडिओवाल्यांना संमेलनांच्या व शिबिरांच्या संयोजकांनीही बोलावले. पुढील वीस वर्षांत जे चित्रित झाले, त्याचा हिशेब कोणत्याही एका ठिकाणी नाही.

या चित्रफिती संगणकावर उतरवून घ्याव्यात असे आता अनेकांना वाटू लागले आहे. त्याच वेळी ‘हे कायदेशीर आहे काय?’ असा प्रश्नही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

फितीत असे काय आहे?

चरकाचार्यांनी वैद्याचे जे चार गुण सांगितले, त्यांत शास्त्रज्ञानाच्या लगेच पाठोपाठ दृष्टकर्मता येते. कर्म वारंवार पाहिलेले असणे, ही वैद्याची दुसरी पात्रता. सुश्रुताचार्यांनी तर योग्यासूत्रीय हा स्वतंत्र अध्यायच लिहून कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करण्यास सांगितले. ग्रंथ वाचून हात तयार होत नाही, हे आपल्या पूर्वसूरींना पूर्ण ठाऊक होते.

औषधनिर्मितीत हे अधिकच खरे. तैलपाकात फेस येतो आणि घृतपाकात फेस शमतो हे सर्वांना पाठ असते. परंतु मध्यमपाकाची वर्ति बोटांत वळताना अनुभवी हात नेमका कोणत्या क्षणी थांबतो, ती विस्तवात टाकल्यावर चडचड होत नाही हे किती वेळा पडताळून पाहतो, आणि मग कढई उतरविण्याची खूण सहकाऱ्याला कशी करतो, हे शब्दांत मावत नाही. कूपीपक्व रसायनांत शीत व तप्त शलाकेच्या परीक्षा, कूपीच्या तोंडाशी आलेली ज्वाला शमणे आणि त्यानंतर बूच बसविण्याची घाई, हे सारे प्रत्यक्ष पाहण्याचेच विषय आहेत. २००० साली औषधिद्रव्य नियमांत ‘शेड्यूल टी’ आले आणि उत्तम निर्मितीपद्धतीचे निकष बंधनकारक झाले. त्यापूर्वी गोवऱ्या मोजून गजपुट देणारी जी पिढी होती, ती आता फारशी उरलेली नाही. विद्युतभट्टीच्या काळात तिचे काम पाहावयाचे असेल तर ते एखाद्या जुन्या कॅसेटमध्येच सापडण्याचा संभव आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना जाताजाता देऊन ठेवतो. व्हीएचएसमध्ये रंगांचा तपशील फार कमी उतरतो. विशेषतः तांबडा रंग कडेने पसरतो. तेव्हा कूपीच्या तळाशी दिसणाऱ्या बालसूर्यासारख्या लालीचा निवाडा फितीवरून करू नये. हात पाहावेत, क्रम पाहावा, वेळ मोजावी. वर्ण मात्र भट्टीवरच शिकावा.

भेलसंहितेचे उदाहरण या संदर्भात आठवते. आत्रेयांच्या सहा शिष्यांपैकी एकाची ही संहिता. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील खंडित हस्तलिखिताच्या आधाराने. एका कपाटात एक प्रत राहिली म्हणून ग्रंथ राहिला, आणि दुसरी पूर्ण प्रत हाताशी नाही म्हणून त्यातील गळालेली पाने गळालेलीच राहिली. आपल्या बहुतेक कार्यशाळांच्या कॅसेटींची स्थितीही तशीच आहे. प्रत एकच, आणि तीही जीर्ण होत चाललेली.

चूर्णासारखी फीत, आसवासारखी नव्हे

शार्ङ्गधराचार्यांनी चूर्ण दोन महिन्यांत, गुटिका व लेह वर्षभरात हीनवीर्य होतात असे सांगून आसव, धातू आणि रस मात्र जुने झाल्याने गुणवान होतात असा भेद केला आहे. चुंबकीय फीत ही निःसंशय पहिल्या वर्गातली. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका बंधकद्रव्याने चिकटविलेले असतात. हे बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते, त्याचे विघटन होते, फीत चिकट होते आणि चालविताना तिचा थर यंत्राच्या हेडवर खरवडून निघतो. चांगल्या साठवणुकीतही अशा फितीचे आयुष्य साधारण दहा ते तीस वर्षे धरले जाते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने बंद राहणाऱ्या लाकडी कपाटाला चांगली साठवणूक म्हणता येणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा या भागांत शिरले, तेव्हा किती घरांतील तळमजल्यांवरची कागदपत्रे आणि कॅसेटी गेल्या असतील याची कल्पनाच करावी.

दुसरी अडचण यंत्राची. व्हीएचएस पद्धती जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. व्हीसीआर बनविणारी शेवटची कंपनी फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. आता जी यंत्रे आहेत ती जुनीच. त्यांचे हेड झिजलेले, रबरी पट्टे सैल झालेले, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर वार्धक्याकडे झुकलेले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या फिती उतरविल्या जाणार नाहीत त्या बहुधा कायमच्या गमवाव्या लागतील. युनेस्कोच्या एका उपक्रमानेही २०१९-२० मध्ये जगभरच्या संस्थांना हाच प्रश्न विचारला. ती मुदत उलटून गेली आहे. याचा अर्थ सर्व संपले असा नव्हे. परंतु आता दिरंगाईला जागा नाही, एवढा अर्थ निश्चित आहे.

कोल्हापूरकरांना तर असा तोटा नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’पासून, म्हणजे १९२० पासून, याच नगरीत मूकपटांची परंपरा उभी केली. आज त्यांचे अवशेष हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला, त्यात जे गेले ते गेलेच. त्या चित्रपटांच्या जतनाच्या आड कायदा आला नव्हता. आपल्या चित्रफितींच्या वाटेत मात्र ओलावा, यंत्र आणि कायदा असे तिघेही उभे आहेत.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडील मूळ कायदा म्हणजे प्रताधिकार अधिनियम, १९५७. या अधिनियमात चित्रपटाच्या व्याख्येतच व्हिडिओ फितींचा समावेश आहे. त्यामुळे आपल्या शिबिराची कॅसेट आणि प्रभातचा बोलपट कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात. चित्रपटावरील प्रताधिकार तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १९३६ चा ‘संत तुकाराम’ केव्हाच मुक्त झाला. १९९० मध्ये विक्रीस आलेली एखादी पंचकर्माची कॅसेट मात्र ३१ डिसेंबर २०५० पर्यंत संरक्षित राहणार. फितीचे आयुष्य तीस वर्षे आणि हक्काचे साठ! हक्क संपेल तेव्हा मोकळी करण्यासाठी फीतच उरलेली नसेल. आणखी एक बारकावा असा की, ही साठ वर्षे प्रकाशनापासून मोजावयाची असतात. जी कॅसेट कधी विकली गेली नाही, कोणाला दाखविली गेली नाही, तिच्या बाबतीत हे घड्याळ सुरूच होत नाही.

ग्रंथालयांसाठी या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. त्यांतील एक जुनी सवलत अनेकांना ऐकून माहीत असते, ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाला तीन प्रती करता येतात ही. पण ती वाचताना शब्द नीट पाहावेत. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेले पुस्तक, पुस्तिका, संगीतलेखनाचा कागद, नकाशा, तक्ता किंवा आराखडा एवढ्यांपुरतीच ती आहे. चित्रफितीचा तेथे उल्लेख नाही. दुर्मीळ ‘रसतरंगिणी’च्या छायाप्रतीसाठी जो आधार आहे, तो कॅसेटसाठी चालत नाही.

चित्रफितींना खरा आधार मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या पोटकलमानुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःजवळ एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असल्यास, जतनासाठी ती कृती इलेक्ट्रॉनिक साधनांनी कोणत्याही माध्यमात साठविता येते. येथे ‘पुस्तक’ हा शब्द नसून ‘कृती’ हा शब्द आहे. म्हणून चित्रफीतही त्यात येते. ही तरतूद एका वाक्याची आहे, पण तिच्यातील प्रत्येक शब्द अट म्हणून वाचावा लागतो.

पहिली अट ग्रंथालयाची. ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ याची व्याख्या अधिनियमात दिलेली नाही. सर्वांना खुले असलेले, नफा न मिळविणारे ग्रंथालय यात निश्चित येईल. केवळ सभासदांसाठी असलेले संघटनेचे ग्रंथालय, खाजगी महाविद्यालयाचे ग्रंथालय किंवा औषधकंपनीचा संदर्भकक्ष यात येतो की नाही, यावर वकिलांत मतभेद होऊ शकतात. दुसरी अट बिगर-डिजिटल प्रतीची. व्हीएचएस ही बिगर-डिजिटल, तेव्हा तेथे अडचण नाही. पण १९९५ नंतर आलेल्या मिनी-डीव्ही कॅसेटी दिसावयास कॅसेटी असल्या तरी त्यांवरील नोंद डिजिटल असते. व्हीसीडी तर उघडच डिजिटल. शब्दशः पाहता त्या या सवलतीबाहेर पडतात. कायदा करणाऱ्यांचा हा हेतू असेल असे वाटत नाही, पण शब्द तसे आहेत खरे. तिसरी अट हेतूची. साठवणूक जतनासाठी हवी. साठविलेली प्रत घरी वाचावयास द्यावी, पेन ड्राइव्हवर भरून सभासदांना वाटावी किंवा संकेतस्थळावर टाकावी, असे या तरतुदीत कोठेही म्हटलेले नाही.

मग त्या प्रतीचा उपयोग काय? उपयोग आहे. संशोधनासह खाजगी उपयोगासाठी योग्य मर्यादेत केलेला वापर हा हक्कभंग ठरत नाही. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात, केवळ अध्यापक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढाच प्रेक्षकवर्ग असेल तर चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी यांना कृतीचे पुनरुत्पादनही करता येते. या तरतुदीचा अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध विदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात, विद्यार्थ्यांच्या बाजूने बराच व्यापक लावला. तो दावा छापील पुस्तकांचा होता, हे मात्र विसरू नये. थोडक्यात, ग्रंथालयात बसून पाहणे आणि वर्गात दाखविणे यांना आधार आहे. बाहेर पाठविण्यास नाही.

अमेरिकेतील तरतूद याहून स्पष्ट आहे. ज्या पद्धतीची यंत्रे आता बनत नाहीत किंवा बाजारात वाजवी रीतीने मिळत नाहीत, ती पद्धती तेथे कालबाह्य मानली जाते. अशा माध्यमातील प्रकाशित कृतीची नवी प्रत वाजवी किमतीत मिळत नसेल तर ग्रंथालयाला तीन प्रती करता येतात, पण डिजिटल प्रत ग्रंथालयाच्या वास्तूबाहेर उपलब्ध करता येत नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये जतनाची सवलत चित्रपट व ध्वनिमुद्रणांपर्यंत वाढविली. आपली तरतूद ब्रिटनच्या दोन वर्षे आधीची आहे, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु माध्यम कालबाह्य कधी समजावे आणि जतन केलेली प्रत कोणाला कशी दाखवावी याविषयी ती मौन पाळते.

या फितीचा मालक कोण?

सवलतींचा विचार नंतर करावा. आधी मालकी तपासावी, असे माझे मत आहे. कारण पुष्कळदा मालक आपणच असतो आणि आपल्याला ते माहीत नसते.

मोबदला देऊन एखाद्याने चित्रपट तयार करवून घेतला असेल तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक तो करवून घेणारा. म्हणजे संघटनेने स्टुडिओवाल्याला पैसे देऊन शिबिराचे चित्रीकरण करविले असेल तर प्रताधिकार संघटनेचा, स्टुडिओचा नव्हे. येथे त्या काळची जमाखर्चाची वही, पावती आणि कार्यकारिणीच्या सभेचे इतिवृत्त यांचे मोल अचानक वाढते. ‘चित्रीकरण खर्च’ अशी एक ओळ सापडली तरी पुष्कळ काम होते. स्टुडिओवाल्याने स्नेहापोटी विनामूल्य चित्रीकरण केले असेल तर प्रश्न थोडा अवघड होतो. अशा वेळी पुढाकार व जबाबदारी कोणाची होती हे पाहिले जाते. एका पत्राने तो सुटण्याजोगा आहे, आणि ते पत्र स्टुडिओवाले हयात असतानाच घ्यावे.

व्याख्यानाचे वेगळे आहे. सार्वजनिक ठिकाणी दिलेल्या व्याख्यानाचा पहिला हक्क व्याख्यात्याचा असतो. सभागृह कोणाचे आणि कॅमेरा कोणाचा याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे एकाच कॅसेटमध्ये चित्राचा हक्क संघटनेकडे आणि भाषणाचा हक्क वैद्यांकडे, किंवा त्यांच्या पश्चात वारसांकडे, असे होऊ शकते. त्यात त्या काळच्या स्टुडिओवाल्यांची हौस मिसळते. वमनकर्माच्या प्रारंभी सनई, स्नेहनाला सतारीचे सूर आणि समारोपाला हमखास एखादे चित्रपटगीत! त्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणखी तिसऱ्याच कंपनीचा. जतनाची मूळ प्रत आहे तशीच ठेवावी. बाहेर दाखविण्यासाठी प्रत करावयाची झाल्यास हे संगीत काढून टाकावे. शास्त्राचे त्यात काही नुकसान नाही, झाला तर फायदाच आहे.

औषधनिर्मात्यांनी स्वतःच्या कारखान्याचे जे प्रचारपट करविले, त्यांचे हक्क सामान्यतः त्यांचेच. पण भागीदारी मोडलेली असेल, भावांत वाटणी झालेली असेल किंवा व्यापारचिन्ह दुसऱ्याला विकलेले असेल तर चित्रपटाचा हक्क आपोआप त्यासोबत गेला असे समजू नये. प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो.

येथे काही वाचकांची एक भीती दूर केली पाहिजे. फीत दुसऱ्याची आहे म्हणून त्यातील योग किंवा विधी दुसऱ्याचा होत नाही. प्रताधिकार अभिव्यक्तीला असतो, कल्पनेला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितले आहे. क्षारसूत्राचे एकवीस लेप फितीत पाहून आपण तसेच दिले तर कोणाचाही हक्कभंग होत नाही. पारंपरिक ज्ञानाला एकस्वही मिळत नाही. हळदीच्या व्रणरोपणाच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले एकस्व १९९७ मध्ये रद्द झाले, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवले म्हणून. तेव्हा दिनांकित जुना पुरावा जपून ठेवणे हे आपल्याच हिताचे आहे, आणि कॅसेटवर वर्ष लिहिण्याचा कंटाळा किती महाग पडू शकतो हेही यावरून ध्यानी यावे.

राहता राहिल्या त्या बाजारातून विकत घेतलेल्या कॅसेटी, ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या आणि मालकांचा पत्ता लागत नाही. अशा कृतींसाठी अनिवार्य परवान्याची तरतूद कलम ३१-अ मध्ये आहे. त्यासाठी शोध घेतल्याचे दाखवावे लागते आणि देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. दोनशे रुपयांच्या कॅसेटसाठी दैनिकाच्या जाहिरातीचा खर्च! एखाद्या लहान संघटनेने या मार्गाने जावे असे मी सुचविणार नाही. त्या कॅसेटी जतनाच्या तरतुदीखाली सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपविणे अधिक शहाणपणाचे. हक्कभंगाची शिक्षा किरकोळ नाही. सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी ती आहे.

करवीरची वाट

सार्वजनिक ग्रंथालयाचा उल्लेख केला तो सहेतुक. ग्रंथालयविषयक कायदा भारतात प्रथम झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि गावोगावची मान्यताप्राप्त ग्रंथालये शासनाच्या अनुदानकक्षेत आली. ‘सार्वजनिक ग्रंथालय’ या शब्दाबद्दल जेथे शंका घेता येणार नाही अशी ग्रंथालये आपल्या उंबरठ्याशी आहेत.

म्हणून माझी सूचना अशी : संघटनेच्या स्वतःच्या ग्रंथालयाचे स्थान कायद्यात संदिग्ध असेल तर कॅसेटी एखाद्या मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयाला रीतसर दानपत्र करून द्याव्यात. त्यांची दाखलनोंद व्हावी, आणि मग त्या ग्रंथालयाने त्या जतनासाठी उतरवून घ्याव्यात. खर्च संघटनेने उचलावा. फीत ग्रंथालयाच्या मालकीची झाली की ‘स्वतःजवळ प्रत असणे’ ही अट पूर्ण होते. यापूर्वी एखाद्या जाणकार वकिलाचे मत लेखी घ्यावे, हे सांगावयास नको. ग्रंथपालांना ही कल्पना सुरुवातीस परकी वाटेल. ‘आमच्याकडे पुस्तके असतात, कॅसेटी कशाला?’ असे ऐकावे लागेल. तेव्हा २०१२ च्या तरतुदीतील ‘कृती’ हा शब्द त्यांना दाखवावा.

ज्या फितींचे हक्क आपले आहेत किंवा ज्यांचे हक्कदार ओळखीचे आहेत, तेथे इतका वळसा नको. तेथे परवानगीपत्र पुरे. त्यात कॅसेटचे नाव, चित्रीकरणाचे ठिकाण व वर्ष, प्रत करण्यास संमती, ग्रंथालयात दाखविण्यास संमती, वर्गात दाखविण्यास संमती आणि संकेतस्थळावर ठेवण्यास संमती ही चार संमतीपदे वेगवेगळी लिहावीत, म्हणजे देणाऱ्याला एकास हो व दुसऱ्यास नाही म्हणता येईल. संमतीची मुदत आणि प्रदेश यांचाही उल्लेख करावा. ज्येष्ठ वैद्यांकडून हे पत्र घेण्यास संकोच करू नये. त्यांच्या पश्चात तीन मुलगे आणि दोन मुली यांच्या सह्या गोळा करणे हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे.

नोंदी कशा ठेवाव्यात याचा उत्तम पाठ महाराष्ट्रातच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे यांसह नोंदलेल्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संस्थेने लोकांपुढे आणल्या, त्यामागे ही नावनिशीची शिस्त आहे. आपल्या कॅसेटींत भट्टीपाशी बसलेल्या कारागिराचे नाव कोठेच नसते. वैद्यांचे नाव असते, उद्घाटकाचे असते, हारतुरे देणाऱ्यांचेही असते!

रुग्ण आणि जाहिरात

प्रताधिकाराच्या चर्चेत एक व्यक्ती नेहमी विसरली जाते. ती म्हणजे टेबलावर झोपलेला रुग्ण. भगंदराच्या शस्त्रकर्माचे चित्रीकरण १९९२ मध्ये करताना त्याने मान डोलावली असेल, तर ती त्या सभागृहापुरती. तीस वर्षांनी आपला चेहरा सर्वांच्या हातातील पडद्यावर दिसेल अशी कल्पनाही त्याला तेव्हा नव्हती. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात ठरविले आहे. त्यापूर्वीही रुग्णाचे गुपित राखणे हा आपला धर्मच होता. म्हणून रुग्णाचा चेहरा, नाव किंवा केसपेपर ज्यात दिसतो ती फीत जतन करावी, पण संमती नसताना बाहेर दाखवू नये. या बाबतीत स्टुडिओवाल्याची, संघटनेची किंवा वैद्यांची परवानगी उपयोगाची नाही.

औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक इशारा. जुन्या प्रचारपटांत मधुमेह समूळ बरा करण्याचे किंवा तत्सम दावे बेधडक केलेले आढळतात. तो पट कपाटात आहे तोवर तो इतिहास आहे. तोच उतरवून आज दुकानाच्या पडद्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दाखविला तर ती जाहिरात ठरू शकते, आणि औषधे व जादूटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे. हक्क आपलाच असला तरी हा कायदा वेगळा आहे. उतरविणे आणि प्रदर्शित करणे यांत अंतर ठेवावे.

उतरविताना

तंत्राविषयी थोडेच सांगतो, कारण त्याचे जाणकार वेगळे आहेत. प्रथम कॅसेटच्या पाठीवरील नोंद-संरक्षक पापुद्रा मोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे चित्रण होणार नाही. खिडकीतून पाहून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालूच नये. एक बुरशीची कॅसेट यंत्राचे हेड बिघडविते आणि पुढच्या दहा कॅसेटींना संसर्ग करते. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट उन्हात वाळवू नये, जाणकाराकडे न्यावी. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. डीव्ही पद्धतीने उतरविल्यास एका तासाला साधारण तेरा जीबी जागा लागते. ती आता स्वस्त आहे, म्हणून मूळ प्रत फार आवळू नये. एक प्रत ग्रंथालयात, एक दुसऱ्या तबकडीवर आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. दुसऱ्या गावी, कारण पंचगंगा दोन्ही प्रतींना एकदम भेटू शकते. आणि उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट फेकू नये. जतनाच्या तरतुदीचा आधार ती जवळ असण्यावरच आहे.

क्रम ठरविताना प्रसिद्ध नावांच्या मागे लागू नये. मोठ्या संमेलनांची भाषणे बहुधा छापूनही आलेली असतात. प्रथम काढावीत ती प्रात्यक्षिके, त्यांतही भट्टीवरची, ज्यांची एकच प्रत आहे. त्यानंतर हयात वैद्यांची व्याख्याने, म्हणजे परवानगी त्यांच्याच सहीने मिळेल. उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन यांच्या कॅसेटी सर्वांत शेवटी. कपाट उघडल्यावर मात्र बहुधा त्याच सर्वांत पुढे असतात.